हत्तुरे अण्णांचं पहिलं मत

सोलापूरच्या सात रस्ता चौकाजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं एक चिंचोळं दुकान आहे. त्यात बसणाऱ्या चन्नवीर हत्तुरे यांनी आयुष्यात ढीगभर भाषणं लिहिली, पण स्वतः एकही केलं नाही. सेवानिवृत्तीचे निरोप, शाळांची गॅदरिंगं, सत्कार, शोकसभा, मंडळांची उद्घाटनं... सोलापुरात ज्याला ज्याला चार माणसांपुढं उभं राहायची पाळी यायची, तो आधी अण्णांच्या दुकानाची पायरी चढायचा.

"अण्णा, आमचे साहेब रिटायर व्हायलेत. चांगलं कायतरी लिवून द्या."

"माणूस कसा हाय?"

"लई तापट. रोज शिव्या घालतो."

"मग शिस्तप्रिय आणि स्पष्टवक्ते लिहितो," असं म्हणून अण्णा की-बोर्डावर बोटं चालवायला लागायचे.

हा नाद शाळेपासूनचा. कथा-कीर्तनं ऐकून ऐकून शब्द डोक्यात भरपूर साठलेले, पण तोंडातून निघायला तयार नाहीत. मग ते शब्द दुसऱ्याच्या तोंडी घालायचे आणि आपण खांबाआड बसून टाळ्या ऐकायच्या, यातच त्यांना गोडी लागली. एकदा तर एकाच वॉर्डातल्या दोन्ही उमेदवारांची भाषणं त्यांनीच लिहिली. एकात 'वॉर्डाचा चेहरामोहरा बदलला', दुसऱ्यात 'वॉर्डाचा चेहरा ओळखू येत नाही'. दोघंही खूश. कुणी विचारलंच तर अण्णा सांगायचे, "मी भाषण लिहितो. मत देत न्हाय."

बाहेर ही गोष्ट मोठेपणाची वाटायची. घरी मात्र त्यांच्या बायकोला, बसम्माला, याचा जाच होता. जोडभावी पेठेतल्या घरात सकाळी ती विचारायची, "ओ, वांगं करू का दोडका?"

अण्णा चहाचा घोट घेऊन सुरू व्हायचे. "वांग्याच्या बाजूनं बोलायचं तर चव हाय. पण दोडक्याचं म्हणणं बी ऐकून घ्यायला पायजे."

"एका बाजूनं बोला की कधीतरी!" म्हणून बसम्मा तडक पिठलं टाकायची. लग्न झाल्यापासून त्या घरात पिठलं फार झालं.

अशा या माणसाच्या आयुष्यात शहर बसचा प्रश्न शिरला.

झालं असं, की शहरात नव्या बस आणायचं चाललं होतं आणि त्या कुणी चालवायच्या, खर्च कुणी सोसायचा यावर नागरिकांची मतं ऐकायला जाहीर सुनावणी ठेवली होती. एक बस आधीच अक्कलकोट रोडनं कुंभारी गावापर्यंत चाचणी म्हणून सोडलेली होती. पेपरात बातमी आली आणि दुसऱ्याच दिवशी दुकानात ज्ञानबा हजर. ज्ञानबा म्हणजे अक्कलकोट रोडच्या शेअर रिक्षांचा पुढारी. आवाज असा, की दुकानाची काच थरथरावी.

"अण्णा, भाशान पायजे. बस आली की आमी मेलो. लोकास्नी दारातनं उचलतो, दारात सोडतो. बस काय कुणाच्या दारात येती व्हय? आन् तोट्यात पळवायची तर पैसा कुनाचा? तुमचा-आमचाच न्हवं का!"

"मुद्दा जबरी हाय," अण्णा म्हणाले.

"घरात बसम्मा हाय म्हणून बसच्या बाजूनं लिवू नका म्हंजे झालं!" स्वतःच्याच विनोदावर ज्ञानबा इतका हसला, की बाहेरच्या चहावाल्यानं डोकावून बघितलं.

अण्णा मनापासून लिहायला बसले. कुणाचं भाषण लिहायला घेतलं, की ते तेवढ्यापुरते तोच माणूस व्हायचे. त्या दिवशी ते अंगानं, मनानं रिक्षावाले झाले. सुरुवात तर अशी सुचली की स्वतःच्याच अंगावर काटा आला: 'बंधू-भगिनींनो, शहर म्हणजे माग आहे! रस्ते म्हणजे ताणा, आणि आमची रिक्षा म्हणजे इकडून तिकडं धावणारा धोटा. धोटा थांबला की माग नुसता खडखडतो, कापड काही होत नाही!' घरी जाऊन त्यांनी बसम्माला सांगितलं, "बस म्हणजे पैशाचा चुराडा हाय."

दोन दिवसांनी उदयसिंह आला. ह्याच्या काकांच्या ट्रॅव्हल्सच्या गाड्या. शर्ट कडक इस्त्रीचा, हातात दोन मोबाईल.

"काका, सरकारनं धंदा करू नये, एवढं ठासून सांगायचंय. बस आम्हाला ठेक्यानं द्या. किलोमीटरमागे दर ठरवा आणि निवांत झोपा. गाडी बंद पडली तर आमचा दंड कापा. आहे का असा कायदा कुठल्या खात्यात?"

"मुद्दा जबरी हाय," अण्णा म्हणाले. मागाची सुरुवात त्यांच्या डोक्यातून हलायला तयार नव्हती. वस्तू चांगली असली की माणूस ती पुन्हा वापरतोच. 'रिक्षा' खोडून त्यांनी 'शिस्तीत चालवलेली खासगी बस' घातलं. त्या संध्याकाळी घरी शेंगाचटणीबरोबर भाकरी मोडता मोडता ते बसम्माला म्हणाले, "ठेका हाच उपाय हाय."

"परवा चुराडा हुता न्हवं?"

"परवाचं परवा."

शेवटी आली विजयमाला. एमआयडीसीत टॉवेलला शिवण मारणाऱ्या बायकांची ती म्होरकी. आली ती उभ्यानंच बोलायला लागली.

"अण्णा, रिक्षात आमी बायका कशा बसतो म्हाईत हाय का? डायव्हरच्या मांडीला मांडी लावून. गाडी वळली की जीव कुटं जातो ते इचारू नका. बस म्हापालिकेनंच चालवावी, तिकीट कमी ठेवावं. तोटा होतो म्हणे! रस्त्यावरच्या लायटीचा फायदा किती होतो ते कुनी इचारलंय का कदी?"

अण्णा चमकले. "हे मी लिहायच्या आधीच तुमी बोलून मोकळ्या झालात की."

"बोलायला येतं हो. पण समोर सायेब असला की फाटा फुटतो बोलण्याला. लिवून द्या, मी पाठ करते."

अण्णांनी लिहिलं. आणि काय सांगावं, सुरुवात तीच. शहर म्हणजे माग, महापालिकेची बस म्हणजे धोटा. त्यांनी मनाची समजूत घातली, की सुनावणीला शेकडो लोक बोलणार, कुणाच्या लक्षात येतंय.

सुनावणीला बोलायला आले मोजकेच. ऐकायला मात्र सभागृह गच्च भरलं, कारण चहा-बिस्किटं होती. व्यासपीठावर एक अधिकारी बाई बसल्या होत्या, शांत चेहऱ्याच्या. अण्णा नेहमीप्रमाणं मागच्या खांबाआड. शेजारी बसम्मा. तिला खरं तर पुढं कुंभारीला बहिणीकडं जायचं होतं, पण ऊन उतरेपर्यंत पंख्याखाली बसायला मिळतंय म्हणून ती आली होती.

पहिला ज्ञानबा. माइकची गरजच नव्हती. "बंधू-भगिनींनो! शहर म्हंजे माग हाय!" सोलापूरच्या माणसाला मागाचं सांगितलं की आवडतंच. धोट्याशी आल्यावर तर टाळ्यांचा कडकडाट. अण्णा गालात हसले.

दुसरा उदयसिंह. त्याने दोन्ही मोबाईल टेबलावर ठेवले, कागद उघडला. "बंधू-भगिनींनो, शहर म्हणजे माग आहे..."

सभागृहात कुजबुज झाली. "रस्ते म्हणजे ताणा..." पर्यंत तो आला आणि ज्ञानबा खुर्चीवरून ताडकन उठला.

"ओ दादा! त्यो धोटा माझा हाय!"

"खाली बसा, काका. मी माझं भाषण करतोय."

"तुजं कुटलं? आत्ता म्या केलं की हितं उभा ऱ्हाऊन! चोरी झाली मॅडम, भर सभेत चोरी झाली!"

बाईंनी हात वर करून दोघांना गप्प केलं. अण्णा खांबाआड आणखी आत सरकले. बसम्मा त्यांच्याकडं बघायला लागली. तिच्या लक्षात आलं होतं.

मग विजयमालाचं नाव पुकारलं. ती व्यासपीठाकडं निघाली तेव्हाच तिच्या तोंडावर घाम दिसत होता. आपलीही सुरुवात मागानंच होते, हे तिला कळून चुकलं होतं. पण पाठांतराचं एक असतं. ते पहिल्या शब्दापासून धरलं तरच पुढं जातं, मधूनच कुठून धरावं म्हटलं तर धागा हाताला लागत नाही. तिने दोनदा घसा खाकरला. मधलं आठवायचा प्रयत्न केला. शेवटी डोळे मिटले आणि सोडून दिलं. "बंधू-भगिनींनो, शहर म्हंजे..."

"माग हाय!" अख्ख्या सभागृहानं एका सुरात पुरं केलं.

हशा उठला तो थांबेना. विजयमालाही हसायला लागली, पदर तोंडाला लावून. मग पदर काढून तिने बोटच दाखवलं. "मॅडम, लिवणारा एकच हाय. त्यो काय, खांबाआड बसलाय."

शंभर माना वळल्या. अण्णांनी बसम्माच्या पिशवीमागं तोंड लपवलं, पण पिशवी लहान होती.

"पुढं या," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. उलट सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना झोप उडाल्यासारखं वाटत होतं.

अण्णा माइकसमोर गेले. 'अध्यक्ष महोदय' एवढं म्हणून झालं आणि पुढं तोंडात शब्दच येईना. कुणीतरी पाण्याचा ग्लास दिला. पिऊन झाल्यावर म्हणाले, "मॅडम, तिघांचं बी खरं हाय. लिहिताना मला तिघांचं बी पटलं हुतं."

"ते असू दे. तुमचं स्वतःचं मत काय आहे?"

हा प्रश्न अण्णांना आजवर कुणी मनापासून विचारलाच नव्हता. बसम्मा विचारायची, पण भाजीपुरतं. ते आत, खोलवर बघून आले. तिथं काहीच नव्हतं.

"मला मत न्हाय, मॅडम. मी बसनं जातच न्हाय. माझ्याकडं मोपेड हाय."

पुन्हा हशा. या हशात मात्र अण्णांना गोडी वाटली नाही.

त्यानंतर सुनावणी भरकटली. प्रत्येकाला बस पाहिजे होती ती आपल्या दारासमोर थांबणारी. एकाला हॉर्नचा त्रास नको होता म्हणून दारासमोरचा थांबा शेजाऱ्याच्या दारासमोर हवा होता, आणि शेजारी तिथंच बसला होता. शेवटी बाईंनी टेबलावर पेन आपटलं आणि हुकूम काढला: ज्ञानबा, उदयसिंह आणि विजयमाला या तिघांची प्रवासी समिती. महिनाभर चाचणीच्या बसनं फिरायचं आणि एकच अहवाल द्यायचा. "आणि लिहायला हत्तुरे. नाहीतरी तुम्ही तिघं त्यांच्याकडेच जाणार."

अशी ती चौघांची वरात निघाली. पहिल्या दिवशी ज्ञानबा बसच्या पायरीवर असा चढला, जणू शत्रूच्या घरात पाऊल टाकतोय. रिक्षा स्टँडवरच्या सोबत्यांनी ओळखू नये म्हणून त्याने तोंडाला उपरणं गुंडाळलं होतं. शांती चौक येईपर्यंत त्याला गाढ झोप लागली. आयुष्यभर स्वतः हँडल धरलेला माणूस, दुसरा कुणी गाडी चालवतोय म्हटल्यावर अंग सैल पडलं बिचाऱ्याचं. विजयमालानं कुंभारीत हलवून जागं केलं तेव्हा म्हणाला, "सीट बरी हाय. पण माझा इरोद कायम हाय, लिवून घ्या."

उदयसिंह दुपारच्या बसमध्ये रिकाम्या सीटकडं बघून हळहळायचा. "बघा काका, हवा वाहून नेतोय आपण! माझी गाडी असती तर दुपारी उभी केली असती."

"आन् दुपारी दवाखान्यात जाणाऱ्या म्हातारीला काय खांद्यावर घेतलं असतंस?" विजयमाला विचारायची. संध्याकाळी कारखाने सुटले की मग तिची पाळी. बस अशी भरायची, की उदयसिंहाची इस्त्री मोडून जायची आणि तिच्या चेहऱ्यावर तेज यायचं. "आता कुटाय हवा? दाखव की!"

त्यांचं भांडण प्रवाशांनाही आवडायला लागलं. लोक विचारायचे, "भांडणाची बस गेली का पुढं?" एकदा तर ड्रायव्हरसुद्धा थांब्यावर गाडी उभी करून मागं वळला आणि, "माझं म्हणणं ऐका," म्हणून सुरू झाला. कंडक्टरनं घंटी वाजवून वाजवून त्याला पुन्हा पुढं बघायला लावलं.

अण्णा खिडकीशी बसून सगळं ऐकायचे. सवयीनं ते प्रत्येकाच्या मुद्द्याला मान डोलवायचे. पण बसच्या खिडकीतून रस्ता वेगळाच दिसतो, हे त्यांच्या हळूहळू लक्षात यायला लागलं. मोपेडवर असताना रस्ता म्हणजे पुढच्या रिक्षाचा मागचा भाग. इथून सगळं वरून दिसायचं. एका सकाळी चौकात बस अडकली. दोन्ही बाजूंनी मोटारसायकलींचा नुसता लोंढा, एकेक माणूस एकेका गाडीवर. त्यातच आपले शेजारी शिवलिंगप्पा हॉर्नवर अंगठा दाबून बसलेले त्यांना दिसले. बसमध्ये उभ्या असलेल्या चाळीस-पन्नास बायका-माणसांनी एकेक गाडी काढली असती, तर शिवलिंगप्पा दुपारपर्यंत तिथंच राहिले असते. अण्णांना वाटलं, हा माणूस बसचं तिकीट काढत नाही, पण ह्याची वाट ह्या बसमुळंच मोकळी आहे. आणि माझी मोपेड? ती तरी कुठं वेगळी?

ते इतके दचकले, की मोठ्यानं म्हणाले, "आपण भरायला पायजे!"

"काय?" ज्ञानबानं झोपेतून विचारलं.

"पैसे. जे बसनं जात न्हायत, त्यांनी. बसचा तोटा गाड्यावाल्यांनी भरायचा. पार्किंगचे पैसे घ्या, गाड्यांवर काय ती कराची पट्टी लावा. कारखान्यांना कामगार वेळेवर मिळतात, त्यांनी बी वाटा उचलायचा. बस म्हापालिकेची, आन् रिक्षा आतल्या गल्ल्यांतनं थांब्यापर्यंत."

उदयसिंह म्हणाला, "काका, हे कुणाचं भाषण आहे?"

"माझं," अण्णा म्हणाले. आणि त्यांचे कान लाल झाले.

अहवाल लिहायला मात्र त्यांना फार जड गेलं. दुसऱ्याचं म्हणणं सजवायला शब्द धावून यायचे. स्वतःचं लिहायला बसले तर एकही उपमा सुचेना. मागाचं तर नावच नको होतं. शेवटी साधंच लिहिलं. ज्ञानबानं रिक्षाचा परिच्छेद तेवढा वाचून सही केली. उदयसिंहानं 'नव्या गाड्यांच्या दुरुस्तीचं काम ठेक्यानं देता येईल' ही ओळ घालून घेतली आणि सही केली. विजयमालानं सगळं वाचलं, दोनदा वाचलं आणि म्हणाली, "अण्णा, आता तुमच्यावर दगड पडणार."

अहवाल तिनेच महापालिकेच्या सभेत वाचून दाखवला. त्यावर बराच वेळ चर्चा झाली. गाड्यांवरच्या पट्टीचा विषय निघाल्यावर सगळ्यांनाच घड्याळ आठवलं आणि प्रश्न अभ्यासासाठी दुसऱ्या समितीकडं गेला. पण त्या गडबडीत चाचणीची बस बंद करायचं कुणी मांडलंच नाही. म्हणून ती चालू राहिली. चाचणी म्हणून सुरू झालेली ती बस अजून चाचणीच देते आहे.

दगड पडले ते जोडभावी पेठेत. पेपरात अण्णांचं नाव छापून आलं आणि संध्याकाळी शिवलिंगप्पा दारात उभे राहिले.

"काय ओ हत्तुरे, माझ्या गाडीवर कर लावतायसा म्हणे?"

"माझ्या बी मोपेडवर."

"तुमचं बगा तुमी! एवढी वर्सं शेजारी ऱ्हायलो, कदी वाकडं बोलला न्हाय. हे काय डोक्यात शिरलं?"

अण्णांनी सवयीनं 'तुमचं बी खरं हाय' म्हणायला तोंड उघडलं. मग ते मिटलं. मग पुन्हा उघडलं.

"न्हाय शिवलिंगप्पा. तुमचं चुकतंय," ते म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा एक माणूस त्यांच्यावर चिडून, चप्पल आपटत निघून गेला. अण्णा दार लावून आत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की बसम्माला वाटलं, पाव्हणे येऊन पेढे देऊन गेले की काय.

"ओ, वांगं करू का दोडका?" तिने विचारलं.

"दोडका," अण्णा तडक म्हणाले. "आन् वांगं का नको ते सांगतो. बस हितं."

तिथून बसम्माचे दिवस फिरले. आता घरात प्रत्येक गोष्टीला मत होतं. पडद्याच्या रंगाला, दुधाच्या सायीला, तिच्या बहिणीच्या जावयाला. भाषणं लिहायला येणाऱ्यांनाही अण्णा आधी स्वतःचं म्हणणं ऐकवायचे आणि मगच बोटं चालवायचे. चार गिऱ्हाइकं तुटली. ज्ञानबा मात्र यायचाच. त्याला भांडायला कुणीतरी लागायचं.

परवा दुपारी दोघं नवरा-बायको कुंभारीला निघाले होते, बसनं. अण्णांनी शेजारच्या अनोळखी माणसाला विचारलं, "तुमच्याकडं गाडी हाय का?" तो भाबडेपणानं हो म्हणाला. झालं. शांती चौक मागं पडला, एमआयडीसी आली, तरी अण्णा त्याला पार्किंगच्या पैशांचं समजावतच होते, आणि तो माणूस आपला थांबा गेला हे सांगायला मधे फट शोधत होता.

बसम्मा पिशवी उचलून उठली आणि पुढं बायकांच्या सीटवर जाऊन बसली. तिथल्या बाईनं मागं वळून बघत विचारलं, "कोन ओ ते? कवापास्नं बोलायलेत."

"कोन की," बसम्मा म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली.